दसऱ्याची पाकिटं

निवडणूक कशी लढवायची हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी आजवर मानत आले आणि अजूनही बरंचसं तसंच मानते. माझा मामा साताऱ्याला नगरपालिकेला तीनदा उभा राहिला आणि दोनदा निवडून आला. ज्या वेळी पडला, त्या वेळी मी दहावीला होते आणि आईनं मला अभ्यासाला घरी बसवलं होतं, हे मुद्दाम सांगते. बाकी दोन्ही वेळी मतदारांच्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या होत्या. नाव, यादीतला अनुक्रमांक, कुठल्या शाळेच्या कुठल्या खोलीत जायचं, सगळं सुवाच्य अक्षरात. मामाच्या दुकानामागच्या खोलीत बसून मी जे शिकले ते एवढंच, की मतदान म्हणजे एक दिवस. त्याच्या आधी माणूस कुणाचाच नसतो. त्या दिवशी सकाळी ज्याची रिक्षा दारात उभी राहिली त्याचा तो. म्हणून सगळा जोर शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. मामा हे सांगायचा आणि मी चिठ्ठ्या लिहीत मान डोलवायचे.

हे ज्ञान घेऊन मी न्यूझीलंडला आले, आणि वीस वर्षांनी ते वापरायची वेळ आली.

आम्ही राहतो ते गाव हॅमिल्टनपासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. एक मोठा रस्ता, दोन सुपरमार्केटं, आणि चहूकडे गाई. हॅमिल्टनच्या कडेला 'ते रापा' म्हणून भाग आहे, तिथल्या दुधाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये काम करते. तिथं तारीख वाचल्याशिवाय मी साधी बाटलीसुद्धा शेल्फवर ठेवू देत नाही. नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते, आधी लेबल वाच, मग हात लाव. त्या माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत. नवरा घरी बसून वेलिंग्टनच्या एका ऑफिसचं सॉफ्टवेअर सांभाळतो, म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून बसतो. मुलं शिकून आपापल्या वाटेला लागली. आणि सासरे गेल्यावर सासूबाई पुण्याचा फ्लॅट बंद करून आमच्याकडे आल्या.

आमचं दोघींचं पटतं असं मी म्हणणार नाही. पोळ्यांचा डबा कुठं ठेवायचा यावरून आमचा एक पूर्ण हिवाळा गेला आहे. पण पहिल्या वर्षी त्या भांडायच्याही नाहीत. सकाळी अंघोळ करून पुढच्या खिडकीत बसायच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघायच्या. मी संध्याकाळी आले की सांगायच्या, "आज कुरिअरची गाडी दोनदा आली." एवढंच. बायकांच्या घोळक्यात जन्म काढलेली बाई, चोवीस तासांत तिला सांगण्यासारखं तेवढंच उरलं होतं. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा स्वभाव.

त्या खिडकीतून त्यांना उठवलं ते ड्रायव्हरनं. ड्रायव्हर म्हणजे आमच्या मुलांच्या शाळेची बस चालवायची ती बाई. माओरी, अंगानं भक्कम, बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाली आणि मग गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर बुधवारी म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचं जेवण सुरू केलं. मी तिला ड्रायव्हर म्हणते, ती मला बॉस म्हणते. एका बुधवारी ती रस्त्यानं जात होती, खिडकीत सासूबाई दिसल्या, थांबली, दार वाजवलं, म्हणाली, "किया ओरा," म्हणजे नमस्कार, "ही कोण?" माझ्या नवऱ्यानं सांगितलं, आई. ती म्हणाली, "हिला बटाटे सोलता येतात का?" आणि घेऊन गेली.

इंग्रजीचा एक शब्द न येणारी बाई गेली, आणि चार वाजता परत आली ती बोलतच. तिथं त्यांना एक डच म्हातारी भेटली होती, शेतावरची, नव्वदीची. दोघी शेजारी बसून बटाटे आणि कुमारा, म्हणजे इथली रताळी, सोलायच्या. एक मराठीत बोलायची, दुसरी तिच्या इंग्रजीत, आणि दोघी एकमेकींना मान हलवून 'हो ना' करायच्या. त्या म्हातारीच्या सुनेनं निम्म्या गाई विकल्या, ही बातमी मला गावात कुणाच्याही आधी आमच्या सासूबाईंकडून कळली. कशी कळली ते विचारू नका. मंगळवारी संध्याकाळी त्या बुधवारची साडी काढून ठेवू लागल्या.

आणि मग कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, ठरवलं की हॉल विकायचा. छप्पर दुरुस्त करणं परवडत नाही म्हणे. सदस्य निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मेयरचं मत विकण्याच्या बाजूनं. पण निवडणूक तोंडावर होती, म्हणून अखेरचा निर्णय नव्या मेयरच्या कौन्सिलवर ढकलला.

त्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "हॉल गेला तर माझं तिकीट काढ. तिकडं कुलूप उघडून एकटी राहीन. खिडकीत बसायला मी एवढ्या लांब आले नाही."

नवऱ्यानं ताटात डोकं घातलं. मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय." पण मला ते लागलं. ही बाई गेली तर मला हायसं वाटेल, असं मी इतकी वर्षं मनाशी धरून होते, आणि त्या घटकेला कळलं की ती गेली तर घर खायला उठेल. कुणाशी भांडणार मी? हेडफोनशी?

दोनच दिवसांनी ड्रायव्हर माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बॉस, मी मेयरला उभी राहतेय. हॉलसाठी. दुसरं मला काही येत नाही." उमेदवारीच्या अर्जावर दोन मतदारांच्या सह्या लागतात. पहिली माझी. आणि सही करता करता मी तिला शब्द दिला, की गावात आणि आसपास मिळून आमची तीसेक मराठी घरं आहेत, ती मतं माझ्यावर सोड.

प्रचार मी माझ्या पद्धतीनं केला. ड्रायव्हरला फोटोसाठी बूट घालायला लावले. फोटो कमरेपर्यंतच निघाला आणि बूट तिनं गाडीतच काढून टाकले, तो भाग वेगळा. शेतांच्या कुंपणावर तिचे बोर्ड लावले, वाऱ्यानं पडले की नवऱ्याला पाठवून पुन्हा उभे केले. दारोदार गेले. इथं लोक दार उघडतात, हसतात, "स्वीट ॲज" म्हणतात, म्हणजे आपलं 'झकास', आणि दार लावतात. नाही म्हणत नाहीत आणि हो तर त्याहून नाही. आमच्या साताऱ्यात माणूस तोंडावर सांगतो की तुमच्या मामानं आमच्या गटारीचं काय केलं ते आधी बोला. इथल्या माणसाच्या मनात शिरायला वाटच दिसत नाही.

हॉलमध्येच उमेदवारांची सभा झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटा. जुने मेयर पाइपलाइनींवर बोलले, घंटा वाजली तरी बोलत राहिले. ड्रायव्हर उठली आणि म्हणाली, "तीस वर्षं तुमची मुलं मी शाळेत पोचवली आणि घरी आणली. एकही विसरले नाही. हॉल विकायचा नाही." आणि बसली. अडीच मिनिटं फुकट घालवली म्हणून मी खालून तिच्याकडे डोळे वटारले, तोवर हॉल टाळ्यांनी भरला होता. मागच्या रांगेत सासूबाई आणि डच म्हातारी हातात हात घालून बसल्या होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, ही बाई निवडून येणार.

आता इथल्या मतदानाची गंमत सांगते. मत पोस्टानं येतं आणि पोस्टानं जातं. पाकिटात मतपत्रिका, उमेदवारांची माहिती आणि एक पत्रक. घरी बसून टिक करायची, परतीच्या पाकिटात घालायची, पेटीत टाकायची. मुदत तीन आठवडे. ना रांग, ना शाई, ना शाळेच्या फाटकाशी ओळखीची माणसं. मला याची पहिल्यापासून चीड. यात निवडणूक कुठं आहे, हे तर वीजबिल भरण्यासारखं झालं.

पाकिटं आली ती नेमकी पितृपक्षात. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आत्ता टाकायचं का. दुसऱ्यानं लिहिलं, थांबू या, पंधरवडा जाऊ दे. मी स्वतः असलं काही पाळत नाही, पण वाचता वाचता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या लोकांचं मी ओळखते. पाकीट फ्रिजवर चुंबकाखाली लावतील आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत तिथंच राहील. आळस मोडायचा तर सण पाहिजे. आणि दसरा तर बरोबर निवडणुकीच्या शेवटच्या आठवड्यात आला होता, मोजणीच्या तीन दिवस आधी. मामा असता तर त्यानं माझी पाठ थोपटली असती.

मी ग्रुपवर लिहिलं: कुणीही पाकीट पेटीत टाकायचं नाही. टिक करून घरी ठेवा. दसऱ्याला संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांनी नटूनथटून हॉलमध्ये यायचं, सोनं द्यायचं घ्यायचं, आणि सगळ्यांनी मिळून पाकिटं टाकायची. यंदाचं सीमोल्लंघन असं. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी ती नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "पत्रकात काय लिहिलंय ते बघितलंस ना?" मी म्हटलं, "तू तुझं सॉफ्टवेअर बघ."

सासूबाईंनी मात्र ते पत्रक डायनिंग टेबलावर पसरलं होतं आणि भिंग घेऊन बसल्या होत्या. इथं आल्यावरचं त्यांचं हे पहिलं मत. इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. मी पोळ्या लाटत होते. त्या म्हणाल्या, "अगं, हा आकडा एवढा जाड का छापलाय? शेजारी पोस्टाच्या पेटीचं चित्र आहे."

"इथं सगळंच जाड छापतात, आई. तुम्ही नका त्यात डोकं घालू. मी आहे ना."

"तसं नाही, मी आपलं विचारलं."

"मी बघते म्हटलं ना."

त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि भिंग डब्यात ठेवलं.

दसऱ्याला हॉल असा भरला की ज्याचं नाव ते. पैठण्या आणि त्यांवर पफर जॅकेटं, थंडी अजून गेली नव्हती. आपट्याची पानं इथं मिळत नाहीत, म्हणून ड्रायव्हरनं सकाळीच तिच्या अंगणातल्या कावाकावा या इथल्या झाडाची पानं टोपलीभर आणून ठेवली होती. बदामाच्या आकाराची, हिरवीगार, आणि प्रत्येकाला अळीनं पाडलेली भोकं. आमच्यातली एक जण म्हणाली, किडकी दिसतायत. मी तिला ड्रायव्हरचंच सांगितलं, की भोकाचं पान औषधाला चांगलं, अळीला कळतं कुठलं चांगलं ते. मग सगळ्यांनी भोकाभोकाचं सोनं वाटलं. स्वतः ड्रायव्हर शेजारच्या गावी शेवटच्या सभेला गेली होती आणि उशिरा यायची होती.

हॉलसमोर डेअरी आहे. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे, इथं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. तिच्या दाराशी पोस्टाची लाल पेटी. मान पहिला सासूबाईंचा. त्यांनी पाकीट कपाळाला लावलं, पेटीत सोडलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. दुसरं पाकीट माझं. मग एकेक करून बाकीचे. निम्मे झाले असतील, तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं की वडे गार होतायत. उरलेल्यांनी पाकिटं स्टेजवरच्या ताटात ठेवली, म्हणाले खाऊन टाकू, पेटी कुठं पळून जातेय.

मी दुसरा वडा हातात घेतला होता आणि ड्रायव्हर आली. ताटातली पाकिटं बघून म्हणाली, "ही अजून इथं का?"

मी तिला मोठ्या अभिमानानं सगळा बेत सांगितला. निम्मी पेटीत गेली, निम्मी आता जातील.

ती माझ्या जवळ आली. मग हळूच, मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाली, "बॉस, पोस्टात टाकायची शेवटची तारीख काल होती."

"काल कशी? मतदान शनिवारपर्यंत आहे."

"शनिवारी दुपारी बाराच्या आत पाकीट त्यांच्या हातात पडलं तरच मोजतात. आज पेटीत टाकलेलं पोचेल, नाहीतर नाही पोचणार." तिनं ताटाशेजारी पडलेलं कुणाचं तरी पत्रक उचलून माझ्यासमोर धरलं. पोस्टाच्या पेटीचं चित्र, आणि शेजारी तो जाड आकडा.

माझ्या हातातला वडा तसाच राहिला. साताऱ्यात मत प्रवास करत नाही. पाच वाजता फाटक बंद झालं तरी आत रांगेत उभं असलेल्याचं मत घेतात. मी सगळं आयुष्य त्या फाटकाच्या हिशेबानं चालले होते, आणि इथलं फाटक मंगळवारीच बंद झालं होतं.

सासूबाई जवळच खुर्चीत होत्या. म्हणाल्या, "काय म्हणतेय ती?"

मी म्हटलं, "काही नाही, आई. जरा उशीर झाला म्हणतेय."

त्यांनी पत्रकाकडे बघितलं, त्या आकड्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. पदर सारखा केला आणि कावाकावाचं एक पान हातात घेऊन बसल्या.

हातपाय गाळून बसणं माझ्या रक्तात नाही. सुपरमार्केटच्या दाराशी मतपत्रिकांचा डबा ठेवलेला असतो आणि त्यातली पाकिटं थेट मोजणीला जातात, हे ड्रायव्हरनं सांगितलं. मी ताट उचललं आणि दाराकडे निघाले. तिनं ताटावर हात ठेवला. "तू नाही. तू माझा प्रचार करतेस. दुसऱ्यांची पाकिटं तू न्यायची नाहीस. ज्याचं त्यानं टाकायचं."

मग काय, वडे तसेच टाकून आमच्या आठ-नऊ गाड्या एकामागं एक सुपरमार्केटला. ट्रॉल्यांच्या शेजारी तो डबा, आणि त्यापुढं पैठणीतली माणसं रांगेत, हातात पाकीट, कानामागं भोकाचं पान. कांदे घ्यायला आलेले लोक थबकून बघत होते. दाराशी उभा असलेला सिक्युरिटीवाला प्रत्येकाला "हॅपी दिवाळी" म्हणत होता आणि त्याला दुरुस्त करायचं त्राण कुणातच नव्हतं. एकूण एक पाकीट डब्यात पडलं, ते मी डोळ्यांनी बघितलं.

पण लाल पेटीत तेवीस होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर उशिरा येते म्हणून कळवलं आणि सकाळपासून त्या पेटीशी उभी राहिले. पोस्टाची गाडी आली. मी त्या गाडीवाल्याला माझं म्हणणं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पेटीत पडलं की ते पोस्टाचं, मला तुमच्या हातात देता येत नाही. मी त्याच्याशी भांडले. इंग्रजीत सुरुवात केली आणि मधेच मराठीत गेले, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. बिचारा शेवटी म्हणाला, आजच्या थैलीत घालतो, याहून जास्त माझ्या हातात नाही. मग मी कौन्सिलला फोन केला. तिथल्या बाईनं शांतपणे सांगितलं, एकदा मत पाठवलं की दुसरं देता येत नाही. पोचलं नाही तर मोजलं जाणार नाही. मी पोस्टावर चिडले, कौन्सिलवर चिडले, तीन आठवड्यांच्या मुदतीवर चिडले, आणि कामावर जाताना ते रापाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं की या रागाला टेकायला माझ्याशिवाय दुसरी जागाच नाही.

शनिवारी दुपारी पहिला निकाल आला. ड्रायव्हर मागं होती, पण थोडक्यात. शेवटच्या दिवसांतल्या डब्यांमधली मतं अजून मोजायची होती. ती मोजून पुढच्या आठवड्यात अखेरचा आकडा आला. फरक कमी झाला होता. इतका कमी, की मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली असती.

तेवीसपैकी किती पोचली, ते मला कधीच कळलं नाही. विचारून बघितलं. तसं सांगत नाहीत.

ड्रायव्हर घरी आली, स्वतः भाजलेला पाव घेऊन. मी तिला बसायलाही न सांगता म्हटलं, "मी तुला पाडलं." ती म्हणाली, "अर्ध्या गावानं पाकीट उघडलंच नाही, बॉस. तू तर सण करून टाकायला लावलंस." चांगुलपणानं बोलली. पण मला चांगुलपणा नको होता. तिनं दोन शब्दांत माझे वाभाडे काढले असते तर मला बरं वाटलं असतं.

नव्या कौन्सिलच्या पहिल्याच बैठकीत हॉल विकायचं ठरलं. रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मग तिकिटाचं बघ."

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी लॅपटॉप उघडून डायनिंग टेबलाशी बसले. ऑकलंड ते मुंबई, प्रवासी एक, परतीचं नाही. सासूबाई अंघोळ करून आल्या आणि पुढच्या खिडकीत जाऊन बसल्या. मला त्यांची पाठ दिसत होती. एक कुरिअरची गाडी गेली. माझं बोट त्या बटणावर होतं आणि ते दाबवेना.

मी उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आई, माझं चुकलं. पत्रक मी वाचलंच नव्हतं. तुम्ही विचारलं होतंत."

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. हे वाक्य मी या घरात कधी उच्चारलं नव्हतं. आतल्या खोलीत नवऱ्यानं हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

सासूबाई म्हणाल्या, "मी कॅलेंडर बघितलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा आकडा होता."

"मग बोलला का नाहीत? पेटीपाशी तरी बोलायचं."

"मला वाटलं, तू वाचलं असशील." त्या अजून रस्त्याकडेच बघत होत्या. "तू तुपाच्या बरणीवरची तारीख वाचल्याशिवाय झाकण काढत नाहीस. मला इंग्रजी येत नाही. म्हटलं, मलाच काही कळत नसेल."

मला रडू फुटलं. लपवायला वेळच मिळाला नाही. त्यांनी मला रडू दिलं, मग विचारलं, "माझंही त्यातच गेलं असेल ना?"

"असेल. सगळ्यात आधी तुमचंच टाकलं होतं."

"हं."

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा पोळ्यांच्या डब्यावरून भांडताना असतो तसा झाला होता, आणि मला एकदम धीर आला.

"आपल्या गॅरेजमध्ये किती माणसं बसतील?"

"गॅरेजमध्ये? दोन गाड्यांचं आहे. पंधरा-वीस बसतील. का?"

"बुधवारचं जेवण तिथं. त्या ड्रायव्हरला फोन लाव."

"आई, आपल्या घरी? दर बुधवारी? वीस माणसांचं? माझ्या स्वयंपाकघरात?"

"चूक तुझी," त्या म्हणाल्या, "गॅरेज तुझं."

हॉलच्या जागी आता टायरचं दुकान आहे. दर बुधवारी सकाळी नवरा दोन्ही गाड्या बाहेर काढतो आणि खुर्च्या मांडतो. ड्रायव्हर व्हॅन भरून म्हातारी माणसं घेऊन येते. माझ्या ओट्यावर कुमाऱ्याच्या सालींचा ढीग पडतो, माझी फोडणीची कढई सूप ढवळायला वापरतात, आणि माझे चमचे कधीच मोजून पुरे भरत नाहीत. मी शिफ्ट बदलून बुधवारची सुट्टी मागून घेतली. तिकीट काढलं नाही.

गेल्या महिन्यात एक नवीन आजोबा आले. सासूबाईंनी मला हाक मारली, सगळ्यांसमोर माझ्या दंडाला धरलं आणि खणखणीत मराठीत ओळख करून दिली, "ही माझी सून. हिच्यामुळे हॉल गेला." आजोबांना काय कळणार. त्यांनी कौतुकानं मान हलवली. डच म्हातारीनंही हलवली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांनी दंड सोडला नव्हता. मग मीही मान हलवली आणि बटाटे सोलायला त्यांच्या शेजारी बसले.